पर्यटकांच्या नावाने जुने देऊळ पाडू नका : कोकण किनाऱ्यावरच्या देवस्थानांना खुले पत्र

श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या सर्व देवस्थानांचे विश्वस्त, मानकरी, गुरव आणि गावकरी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

किनाऱ्यावरच्या गावांत जीर्णोद्धाराची बैठक बसली की एक वाक्य हमखास ऐकू येते : "आता बाहेरचे लोक येतात, देऊळ चांगले करूया." या 'चांगले' करण्यात कौले उतरतात, लाकडी खांब विकले जातात, जांभ्याच्या भिंती पाडून काँक्रीटचे खांब उभे राहतात, जमिनीवर चकचकीत ग्रॅनाइट येतो. हे सारे ज्या बाहेरच्या माणसाच्या नावाने होते, त्याला यातले काहीच नको असते. स्लॅबचे देऊळ त्याच्या शहरात गल्लोगल्ली आहे. महामार्ग सोडून, वळणावळणांची घाटी उतरून तो तुमच्या गावात येतो तो उतरत्या छपराखालच्या गार सभामंडपासाठी, कोरीव तुळयांसाठी, देवराईतल्या पाण्यासाठी.

त्याला खरोखर ज्याची गरज असते ते मात्र अनेक ठिकाणी मिळत नाही. दार कधी उघडते, भरती कधी आहे, कुठवर जायचे, कुठे थांबायचे, पाणी आणि शौचालय कुठे, हे त्याला कोणी सांगत नाही. आम्ही जुन्या देवळांच्या डागडुजीचे काम करणारे गवंडी-सुतार आणि पाहुण्यांना देवळे दाखवणारे वाटाडे आहोत. पाहुण्याची सोय आणि देवळाचे आयुष्य यांत कुठेही भांडण नाही, हे तुम्हांला तपशिलाने सांगावे म्हणून हे पत्र लिहीत आहोत.

समुद्रापासून सुरुवात करतो, कारण तिथे जीव जातो.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा देवळाजवळून डोंगर चढते, कातळातल्या अरुंद खिंडीतल्या पायऱ्यांनी खाली उतरते आणि लाटांनी कोरलेल्या कातळावरून डोंगराला वळसा घालून देवळाशी परत येते. हा कातळ ओहोटीला उघडा असतो आणि भरतीला त्यावर लाटा फुटतात. खाली उतरलेल्या माणसाच्या एका हाताला उभा कडा आणि दुसऱ्या हाताला समुद्र असतो. पाणी चढू लागले की मधूनच वर निसटायला वाट नाही. गावातल्या पोराला हे माहीत असते. सकाळी शहरातून निघून अकराच्या सुमाराला पोचलेल्या कुटुंबाला ते माहीत नसते आणि "समुद्रापासून सावध राहा" एवढ्या पाटीने ते कळतही नाही. पाटीवर वेळ हवी.

वेळ काढायची रीत आपल्या किनाऱ्यावर घरोघर माहीत आहे : तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे ३, म्हणून भरती पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास आणि ओहोटी नऊच्या सुमारास. अष्टमीला भरती ६ ला, ओहोटी १२ ला. पौर्णिमा-अमावास्येला भरती मध्यान्ह आणि मध्यरात्रीच्या आसपास. हिशेब ढोबळ आहे. बंदरागणिक आणि ऋतूप्रमाणे तासाभराचा फरक पडतो. म्हणून पाटीवर लिहिताना भारतीय सर्वेक्षण विभागाच्या वार्षिक भरती-ओहोटी तक्त्याशी तो ताडून पाहावा आणि गावातल्या मच्छीमार बांधवांना विचारावे. रोज सकाळी गुरवाने किंवा सेवेकऱ्याने काळ्या फळ्यावर खडूने चार ओळी लिहिल्या की काम झाले :

आज वद्य चतुर्थी. पूर्ण ओहोटी सकाळी ९ च्या सुमारास.
प्रदक्षिणा सकाळी ७ ते १० चालू.
१० नंतर पायऱ्या उतरू नयेत. दोरी बांधली असेल तर ओलांडू नये.
जून ते सप्टेंबर प्रदक्षिणा पूर्ण बंद.

ओहोटीच्या आधी दोन तास आणि नंतर फक्त एक तास, असा असमान हिशेब मुद्दाम ठेवला आहे. पाणी उतरत असताना निघालेला माणूस रेंगाळला तरी चालतो. चढत्या पाण्यात रेंगाळलेला माणूस अडकतो. फळा वाहनतळावर नको, पायऱ्या जिथे खाली उतरू लागतात तिथेच हवा. वाहनतळावरची पाटी वाचून कोणी लक्षात ठेवत नाही.

महाशिवरात्रीचा हिशेब तर प्रत्येक किनारी शिवस्थानाने आधीच मांडून ठेवावा. आपल्याकडे ती माघ वद्य चतुर्दशीला येते. चौदा गुणिले पाऊण म्हणजे साडेदहा. म्हणजे दर महाशिवरात्रीला गर्दी जेव्हा सर्वांत दाट, त्याच सकाळी साडेदहाच्या आगेमागे पूर्ण भरती असते. शिवाय अमावास्या जवळ असल्याने ती साधी भरती नसते, उधाणाची असते. कुणकेश्वरला देऊळ अगदी वाळूला लागून आहे आणि यात्रेत देवस्वाऱ्या (गावोगावहून मिरवत आलेले देव) समुद्रस्नानाला उतरतात, तेव्हा त्यांच्यामागे हजारो माणसे पाण्यात शिरतात. ज्याला हा हिशेब ठाऊक आहे तो दोरखंड, पोहणारे आणि ध्वनिक्षेपक सकाळी आठलाच किनाऱ्यावर तयार ठेवतो आणि बाहेरगावच्या लोकांनी संध्याकाळी चारनंतर, पाणी मागे गेल्यावर, फक्त पाय भिजवावेत असे सांगतो.

गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणी संकष्टीला आणि विशेषतः अंगारकीला वेगळा धोका आहे. चतुर्थीची दुपारची भरती तीनच्या सुमाराची. दर्शन-प्रसाद उरकून लोक पाण्यात उतरतात ते नेमके त्यानंतर. पाणी ओसरू लागले की आतल्या ओढीचा जोर वाढतो आणि हा किनारा पटकन खोल होणारा आहे. कमरेएवढ्या पाण्यात उभा असलेला माणूस पुढच्या दोन पावलांत तळ हरवतो. "पोहू नये" यापेक्षा "गुडघ्याच्या पुढे जाऊ नये, दुपारी तीन ते सहा पाण्यात उतरूच नये" असे लिहिलेले लोक ऐकतात.

हेदवीच्या बामणघळीबद्दल एवढेच : भरतीला घळीत शिरलेले पाणी उंच उसळते ते पाहायला लोक काठावर जातात. खडक जिथवर ओला किंवा शेवाळलेला दिसतो तिथवर लाट येऊन गेलेली असते आणि पुन्हा येणार असते. कोरड्या खडकावर, ओल्या रेघेपासून दहा-बारा पावले मागे पांढरा पट्टा ओढा आणि पावसाळ्यापूर्वी दरवर्षी तो नव्याने रंगवा.

आता दाराच्या वेळा. अनेक देवळांत दुपारी नैवेद्य दाखवून गाभारा बंद होतो आणि चारच्या सुमाराला उघडतो. पुण्या-मुंबईहून निघालेला माणूस नेमका एक ते तीनच्या दरम्यान पोचतो. मोबाइलवरच्या नकाशात "चोवीस तास उघडे" असे कोणीतरी कधीतरी भरून ठेवलेले असते. ते दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. गावातल्या एखाद्या कॉलेजकुमाराला सांगा, गुगल मॅपवर खऱ्या वेळा, दुपारची सुट्टी आणि उत्सवाचे दिवस भरायला लावा. खाडीवरच्या फेरीबोटींचीही माहिती त्यात द्या. बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या बोटींनी हरिहरेश्वरहून गणपतीपुळ्यापर्यंत देवळे पाहत किनाऱ्याने जाता येते. शेवटच्या बोटीची वेळ हुकली तर डोंगराचा लांबलचक फेरा पडतो, हे आधी कळायला हवे.

उत्सवाचे कोष्टक बाहेरच्याला आणखी चकवते. शिमग्यात उत्तर रत्नागिरीतल्या कित्येक गावांत देव पालखीत बसून घरोघर जातो, सहाणेवर (पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर) मुक्काम करतो. त्या दिवसांत देवळात आलेल्याला उत्सवमूर्तीचे स्थान रिकामे दिसते आणि तो हिरमुसून परततो. पालखी आज कोणत्या वाडीत आहे एवढे दारावर लिहा. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगात नसते, ती देवीचा कौल घेऊन ठरते. अशा ठिकाणी गेल्या वर्षीच्या तारखेवरून कोणी खोली राखून ठेवू नये, असे स्पष्ट लिहावे.

कौल म्हणजे देवाला प्रश्न विचारून त्याचा होकार-नकार घेणे, हे मुळात पाहुण्याला सांगायला हवे. गाऱ्हाणे घातले जात असताना, देवाला कळ्या किंवा तांदूळ लावून गावकरी स्तब्ध उभे असताना मध्येच पाहुणा फ्लॅश मारून फोटो काढतो आणि मग वाद होतो. त्याच्या मनात अनादर नसतो. काय चालले आहे हे त्याला कळलेलेच नसते. सभामंडपाच्या दोन खांबांमध्ये दोरी बांधून तीवर "कौल चालू आहे. कृपया येथेच शांत उभे राहावे, फोटो काढू नये" अशी पाटी अडकवण्याची सोय ठेवा, कौल झाला की काढून टाका. कायमची लावलेली पाटी कोणी वाचत नाही. आरवलीला वेतोबापुढे ठेवलेल्या मोठ्या वहाणा नवसाच्या असतात आणि केळ्यांचे घड नैवेद्याचे असतात, हेही दोन ओळींत लिहून ठेवले तर वहाणांत पाय घालून पाहण्याचा प्रकार होणार नाही. पोशाखाच्या बाबतीत "सभ्य पोशाख" या शब्दांचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा. "खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत" असे लिहा आणि पाच-दहा स्वच्छ पंचे-ओढण्या दारात ठेवा. माणसाला परत पाठवण्यापेक्षा ते बरे.

मार्लेश्वरच्या गुहेत आणि दाभोळच्या चंडिकादेवीच्या भुयारी गाभाऱ्यात समईच्या उजेडात दर्शन होते. कृपा करून तिथे कधीही विजेचे दिवे लावू नका. उन्हातून आत आलेल्या डोळ्यांना अंधारात दिसायला काही मिनिटे लागतात. म्हणून "आत आल्यावर जरा थांबा, मोबाइलचा टॉर्च लावू नका" एवढेच सांगणे पुरते.

आता इमारतीकडे येतो. इथे जे बिघडते ते परत करता येत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

चिरा, म्हणजे जांभ्याचा घडीव दगड, खाणीतून काढला तेव्हा मऊ असतो आणि वाऱ्यावर हळूहळू कठीण होतो. पण तो कायम सच्छिद्र राहतो. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पिणारी भिंत दसऱ्यानंतर ते पाणी वाफेच्या रूपाने बाहेर टाकत असते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ही वाट बंद होते. ओल आत कोंडते, खाऱ्या वाऱ्याने आलेले मीठ गिलाव्याच्या मागे स्फटिक धरते आणि चिऱ्याचा पृष्ठभाग भुसभुशीत करते. चार-सहा पावसाळ्यांनी गिलावा फुगून पडतो आणि पडताना चिऱ्याचा थर सोबत घेऊन जातो. मग गावात म्हणतात, "भिंत कुजली, पाडावी लागेल." भिंत कुजलेली नसते, तिचा श्वास कोंडलेला असतो.

उपाय चुन्याचा आहे आणि त्याचा क्रम चुकवून चालत नाही. आधी छप्पर, मग पाण्याचा निचरा, मग भिंत. छप्पर गळत असताना भिंतीला हात लावणे म्हणजे पैसे पाण्यात. निचऱ्यात पहिली गोष्ट पाहायची ती जोत्याची. दर जीर्णोद्धारात अंगणावर एक थर चढतो. शेण-मातीवर काँक्रीट, त्यावर शहाबादी, त्यावर पेव्हर. शेवटी जोते निम्मे गाडले जाते आणि पागोळ्यांचे पाणी थेट भिंतीत मुरते. वरचे थर काढून जोते मोकळे करा, भिंतीलगत हातभर रुंदीचा पट्टा खडी भरून उघडा ठेवा आणि पागोळी पडते त्या रेघेवर उथळ दगडी पन्हळ काढून पाणी उताराला न्या. एवढ्यानेच निम्म्या भिंती दोन हंगामांत सुकतात.

मग चुना. कळीचा चुना हौदात विरवून, वर वीतभर पाणी ठेवून निदान महिनाभर मुरवायचा. अर्धवट विरलेले खडे गिलाव्यात गेले की ते नंतर फुगतात आणि पृष्ठभागावर फोड येतात, म्हणून तो गाळून घ्यायचा. एक भाग चुना, एक भाग विटेची बारीक सुरखी, दोन भाग नदीची धुतलेली वाळू. समुद्राची वाळू कितीही धुतली तरी वापरू नये, तिच्यातले मीठ पुन्हा तेच दुखणे आणते. मळणी चुन्याच्या घाणीत (दगडी चाक फिरवून चुना मळायच्या चरात) झाली तर उत्तम. जुन्या सिमेंटचे थर छिन्नी-हातोडीने हलक्या हाताने काढायचे, ग्राइंडर लावायचा नाही, कारण ग्राइंडर सिमेंट आणि चिरा यांत फरक करत नाही. सांधे इंचभर खोल उकरून, पाण्याने भिजवून आधी दर्जा (सांध्यांच्या फटी) भरायच्या. पहिला हात अर्धा इंच, तो आवळल्यावर आठवड्याने दुसरा, शेवटचा हात अगदी पातळ. तीन आठवडे ओल्या गोणपाटाखाली ठेवायचे. चुना हवेतून हळूहळू घट्ट होतो, घाईने सुकला तर त्याची पावडर होते. म्हणून हे काम कार्तिक ते माघ या काळात. वैशाखातल्या उन्हात केले तर भेगा, ज्येष्ठात केले तर घट्ट व्हायच्या आत पाऊस. आणि कंत्राटदार "मजबुतीसाठी थोडे सिमेंट टाकतो" म्हणाला तर काम तिथेच थांबवा. मूठभर सिमेंटही चुन्याचा गुण घालवते.

लाकडाचेही तसेच. आपल्या सभामंडपांचे खांब सागाचे, फणसाचे, किंजळीचे. तळाशी दगडी तळखडा असतो तो लाकूड जमिनीच्या ओलीपासून वर राहावे म्हणूनच. नवी फरशी घालताना ती तळखड्याच्या वर चढवून खांबाभोवती सिमेंटने लिंपतात, तिथे खांब कुजायला लागतो आणि वाळवीला आतल्या आत चढायला झाकलेली वाट मिळते. तळखडा चारी बाजूंनी दिसला पाहिजे. खांबावर मातीच्या नळ्या दिसल्या तर त्या खरवडून लगेच औषध करा. खालचा दीड-दोन फूट भाग गेला म्हणून अख्खा खांब टाकायची गरज नाही. तुळईला टेकू देऊन, कुजलेला भाग कापून, त्याच जातीच्या जुन्या लाकडाचा तुकडा सांधा करून बसवता येतो. आपले सुतार होड्यांना हेच करत आले आहेत.

कोरीव लाकडावर ऑइलपेंट नको. दर उत्सवाला एक हात असे वीस-तीस हात चढले की मोराची पिसे आणि यक्षाचे डोळे यांच्या जागी गुळगुळीत उंचवटे उरतात. आडिवऱ्याच्या महाकालीच्या नगारखान्याचे लाकडी छत ज्याने नीट पाहिले आहे, त्याला रंगाखाली काय हरवते ते वेगळे सांगायला नको. चढलेला रंग काढायचा तर लपलेल्या कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेवर आधी प्रयोग करून पाहा. वाळूचा मारा, कॉस्टिक सोडा, आग यांतले काहीही चालणार नाही. रंग निघाल्यावर उंडीचे तेल पातळ हाताने, चैत्रात, लाकूड पूर्ण कोरडे असताना द्या.

भिंतींना पंखे, स्पीकर, नामफलक ठोकण्याची सवय सोडायला हवी. खाऱ्या हवेत लोखंडी खिळा गंजतो, गंजला की फुगतो आणि चिऱ्याला आतून चीर पाडतो. काँक्रीटच्या स्लॅबमधली सळईही तशीच गंजते. किनाऱ्यावर पंचवीस-तीस वर्षांत स्लॅबचे पोपडे गळायला लागतात, तेव्हा "एकदा केले की काळजी नाही" हे खरे नव्हे. देणगीदारांची नावे प्रत्येक पायरीवर आणि खांबावर कोरण्यापेक्षा दाराबाहेर एकच फलक करा. देणगी देणाऱ्याचा मान राहतो आणि पायरीही राहते.

सभामंडपापुढे उभारलेला पत्र्याचा मांडव हा अलीकडचा सर्वांत वाईट प्रकार आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. तो उन्हात तापतो, पावसात बोलणे ऐकू देत नाही, दीपमाळ आणि शिखर झाकतो आणि खाऱ्या वाऱ्याने काही वर्षांत गंजतो. गर्दीच्या दिवसांपुरता कापडी किंवा झापांचा मांडव घाला आणि उतरवा. छपराची कौले मात्र दर वैशाखात परतलीच पाहिजेत. शाकारणी चुकलेले एक वर्ष तुळईला दहा वर्षे म्हातारे करते.

जमिनीबद्दल थोडक्यात. गुळगुळीत ग्रॅनाइट ओल्या पायाला आणि सांडलेल्या तेलाला घसरतो, उन्हात पाय भाजतो आणि जमिनीतली ओल वर येऊ न देता ती भिंतीकडे ढकलतो. जांभ्याची खडबडीत फरसबंदी यातले काहीच करत नाही. चालण्याच्या वाटेवर काथ्याच्या चटया घाला, त्या आपल्याच भागात बनतात. उंच उंबरठ्यांसाठी लाकडी, उचलून ठेवता येणारा उतार करा, फूटभर उंचीला बारा फूट लांबी या मापाने. व्हीलचेअरवरच्या माणसाला आत जाता येते आणि उंबरठा तोडावा लागत नाही. शौचालय प्राकाराबाहेर, विहिरीच्या आणि झऱ्याच्या उताराच्या बाजूला, निदान १०० फूट दूर. जांभ्यातून पाणी सहज झिरपते, म्हणून जितके लांब तितके बरे.

देवराई तोडून वाहनतळ करू नका. आसूदच्या केशवराजाकडे ओढ्यावरचा साकव ओलांडून पोफळींच्या सावलीतून पायऱ्या चढून जावे लागते. वर डोंगरातून दगडी पन्हळीने आणलेले पाणी गोमुखातून पडते. तिथवर गाडीरस्ता नेला तर सावली जाईल आणि झाडांच्या मुळांनी धरलेले पाणीही. चढ अवघड वाटणाऱ्यांसाठी मधल्या टप्प्यांवर जांभ्याचे कट्टे आणि हाताला धरायला कठडा, एवढे पुरते. पायथ्याशी "चढ आहे, सावकाश चढा, वर पिण्याचे पाणी आहे" अशी पाटी.

जुन्या वस्तूंपाशी माहिती लिहा, पण खात्रीची. कशेळीच्या कनकादित्याशी शिलाहार राजा दुसऱ्या भोजाचा शके १११३, म्हणजे इ.स. ११९१ चा ताम्रपट निगडित आहे. एवढे एक वाक्य वाचून पाहुणा देवळाकडे वेगळ्या नजरेने पाहतो. "पाच हजार वर्षांपूर्वी पांडवांनी एका रात्रीत बांधले" ही आख्यायिका म्हणून जरूर सांगा, मात्र आख्यायिका आहे असे लिहून. वीरगळ, सतीशिळा, भंगलेल्या मूर्ती पायरीत किंवा कट्ट्यात सिमेंटने बसवू नका. प्रत्येकीला क्रमांक द्या, कुठे सापडली ते वहीत लिहा, छपराखाली लाकडी ठोकळ्यावर ठेवा. कसब्याला कर्णेश्वराच्या आसपास अशी शिल्पे आणि लहान देवळे किती विखुरलेली आहेत ते आपण जाणता. जुन्या घंटांवर अक्षरे असतील तर चिंच-पितांबरीने घासून ती झिजवू नका. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर पोर्तुगीज घंटा आपल्याकडच्या देवळांत आल्या, त्यांच्यावरची अक्षरे आणि आकडे हाच त्यांचा दाखला आहे. गिर्ये येथील रामेश्वराच्या देवळासारखी जिथे भिंतींवर जुनी चित्रे आहेत, तिथे साफसफाईच्या नावाखाली ओले फडके फिरवू नका आणि दोन फुटांवर दोरी लावा, म्हणजे कोणी पाठ टेकणार नाही.

आता आमची विनंती. ज्या गावांत पाडकामाचा ठराव पुढच्या सभेत यायचा आहे, त्यांनी तो एक पावसाळा पुढे ढकलावा. त्या पावसाळ्यात पाणी कुठून गळते, कुठे मुरते, हे खडूच्या खुणा करून आणि फोटो काढून नोंदवावे. देवळाचा आराखडा फूट-इंचांत मोजून कागदावर उतरवावा, प्रत्येक खांब, तुळई, दरवाजा आणि शिळा यांचा स्वतंत्र फोटो काढावा. राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे रत्नागिरीत कार्यालय आहे, तिथे लेखी सल्ला मागावा. सिंधुदुर्गात देऊळ पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे असेल तर तिलाही त्याच पत्राची प्रत द्यावी. नव्या बांधकामाचे अंदाजपत्रक तुमच्याकडे तयार असेलच. त्याच्या शेजारी डागडुजीचे अंदाजपत्रकही मागवा : छप्पर, निचरा, चुना, लाकूड, अशा चार बाबी वेगवेगळ्या मांडून. दोन्ही कागद सभेत एकत्र वाचा आणि मगच हात वर करायला सांगा.

नोंदवही, आराखडा आणि गळतीच्या खुणा तयार असतील तर दसऱ्यानंतर देवळात येऊन, छपराखाली उभे राहून, काम कुठून सुरू करायचे ते तुमच्यासोबत ठरवायला आम्ही तयार आहोत.

आपले,
किनाऱ्यावरच्या जुन्या देवळांचे काम करणारे गवंडी, सुतार आणि वाटाडे